ओळखीच्या लेखकांच्या पलीकडे कसे जावे?

भुईकोट

नमस्कार. मी सोलापूरला बँकेत नोकरी करतो. वाचनाची गोडी मला घरातील एका कपाटाने लावली आणि माझे वाचन बऱ्याच अंशी त्या कपाटापुरतेच राहिले, असे आता वाटू लागले आहे. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, पुढे मी स्वतः घेतलेले ‘पानिपत’ आणि पु. ल. देशपांडे यांची जवळपास सगळी पुस्तके मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. त्यांचा कंटाळा आलेला नाही. मात्र गेल्या काही वर्षांत नवे म्हणून जे विकत घेतले, तेही त्याच जातकुळीचे आहे: इतिहासातील किंवा पुराणातील एखादी मोठी व्यक्ती आणि तिच्यावरील पाचसहाशे पानांची कादंबरी. ऑनलाइन विक्रेत्याकडून असे एक पुस्तक मागवले की तो त्याच्यासारखीच आणखी दहा पुढे करतो. दुकानात जावे, तर दर्शनी फळीवर यशस्वी होण्याचे उपाय सांगणारे अनुवाद आणि हमखास खपणारी आठदहा नावे असतात.

पुरस्कारांच्या याद्या पाहून काही पुस्तके आणली होती. त्यांपैकी एक पूर्ण झाले. बाकीची पन्नासेक पानांनंतर बाजूला पडली. ती वाईट होती, असे मी म्हणणार नाही, कारण ते ठरवण्याइतका मी त्यांच्यात शिरलोच नव्हतो.

म्हणून येथील अनुभवी वाचकांना दोन गोष्टी विचारतो. ज्याचे नावही कानावर आलेले नाही, अशा लेखकापर्यंत आपण कसे पोहोचता? आणि पोहोचल्यावर बोली, रचना, माणसे असे सगळेच अनोळखी असेल, तर त्या पुस्तकाला किती अवसर द्यावा? शंभर पुस्तकांची यादी कृपया देऊ नये. तशा याद्या माझ्याकडे पुष्कळ आहेत.

तारीखचिठ्ठी

माझी सारी नोकरी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात, देवघेवीच्या खिडकीमागे गेली. त्या अनुभवावरून सांगतो: याद्या घेऊन येणारे सभासद दोन महिन्यांत पुन्हा आपल्या जुन्या लेखकाकडे वळत. जे टिकले, ते एखाद्या आवडलेल्या पुस्तकाचा माग काढत पुढे गेलेले होते. असा माग काढायचा, तर लेखक आणि वाचक यांच्या मध्ये जी माणसे उभी असतात, म्हणजे संपादक, अनुवादक आणि प्रकाशक, त्यांची नावे वाचण्याची सवय लावून घ्यावी. आपण मुखपृष्ठावरून थेट पहिल्या प्रकरणावर जातो आणि मधली चार पाने उलटून टाकतो. सगळा पत्ता त्या चार पानांत लिहिलेला असतो.

एक उदाहरण देतो. ‘पाडस’ ही कादंबरी आपल्याकडे पुष्कळांच्या आवडीची आहे. ती मूळ मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकी लेखिकेची. मराठीत ती आणली राम पटवर्धन यांनी. हेच पटवर्धन ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक होते. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडले, पण जुन्या वाचनालयांतून त्याच्या अंकांचे बांधीव खंड अजून सापडतात. त्यांतला कोणताही एक खंड घेऊन बसल्यास जी. ए. कुलकर्णी आणि आरती प्रभू या नावाने कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर यांच्याबरोबर, आज कोणाच्याच यादीत नसलेली कितीतरी नावे भेटतात. ज्या संपादकाच्या नजरेने आपल्याला ‘पाडस’ दिले, त्याच नजरेखालून हे लेखन गेलेले आहे, एवढा भरवसा सुरुवातीला पुरतो. पुढे जी. ए. आवडले, तर त्यांनी स्वतः कोणाचे अनुवाद केले ते पाहावे. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकी कादंबरीकाराची जंगल तोडून वसाहत करणाऱ्या कुटुंबावरची कादंबरीत्रयी त्यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणली. रिक्टर हे नाव मराठी वाचकाला अन्य कोणत्या वाटेने मिळाले असते, याची मला तरी कल्पना करता येत नाही.

आता आपल्या आवडीकडे वळतो. ऐतिहासिक कादंबरी सोडून द्यावी, असे कोणी सुचवल्यास ऐकू नये. तिच्यातच थोडे तिरके सरकावे. ‘स्वामी’मध्ये पेशवाई पेशव्यांच्या वाड्यातून दिसते, नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’मध्ये अठराव्या शतकातील मराठी राजकारण अंताजी नावाच्या एका सामान्य आणि चांगल्याच बेरकी माणसाच्या तोंडून ऐकू येते. काळ ओळखीचा, मोहिमा ओळखीच्या, पण दृष्टी अशी की आपण वाचलेल्या सगळ्या तेजस्वी वर्णनांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. नंदा खरे हे नागपूरचे स्थापत्य अभियंता आणि ‘आजचा सुधारक’ या विवेकवादी मासिकाचे एक संपादक होते. ‘उद्या’ या त्यांच्या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो त्यांनी नाकारला. ‘बखर’ आवडली, तर तेथून ‘उद्या’कडे जाता येते आणि तेव्हा आपण ऐतिहासिक कादंबरीतून निघून भविष्यकाळात पोहोचलेले असतो. या प्रवासात आपली मूळ आवड कोठेही सोडावी लागत नाही.

किती पानांनंतर पुस्तक सोडावे, याचा नियम मी कधी केला नाही. विकत घेतलेले पुस्तक अर्धवट राहिले की पैसे गेल्याची बोच राहते आणि त्या लेखकाविषयी अकारण अढी बसते. म्हणून अनोळखी लेखक आधी वाचनालयातूनच आणावा. कादंबरीऐवजी कथासंग्रहाने सुरुवात केली तर आणखी बरे, कारण वीस पानांत एक पूर्ण गोष्ट हाती येते आणि लेखकाची चाल कळते.

दिवाळी अंकांचाही उपयोग याच कारणासाठी आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत दर वर्षी नवे-जुने लेखक एकाच मांडवाखाली येतात. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत थोड्या वर्गणीत बरेच अंक घरी नेता येतात. प्रत्येक अंकात आपल्या परिचयाच्या नावाची कथा शेवटी वाचावी आणि अपरिचित नाव आधी घ्यावे.

आणखी एक गोष्ट खिडकीबाहेरच्या माणसांना सहसा ठाऊक नसते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके मिळतात. वाचकांच्या मागणीशी त्यांचा थेट संबंध नसल्यामुळे त्यांतली चांगली पुस्तकेही वर्षानुवर्षे कोरी राहतात. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीखचिठ्ठी पाहावी. तिच्यावर एकही शिक्का नसेल, तर ते पुस्तक जरूर हाताळावे. माझ्या वाचनातील काही उत्तम लेखक मला असेच, केवळ त्यांना कोणी नेत नव्हते म्हणून मिळाले.

पूर्णाकाठ

तारीखचिठ्ठी यांचे म्हणणे उपयुक्त आहे, परंतु त्यात एक अडचण दिसते. संपादक आणि प्रकाशक यांचा माग काढत गेल्यास वाचक पुण्यामुंबईच्या बाहेर फारसा पडत नाही, कारण ही मधली माणसे दीर्घकाळ तेथेच बसलेली होती. मराठवाड्यात वाढलेल्या आमच्या पिढीला शाळेत बी. रघुनाथ यांची एखादी कविता मिळाली तर मिळाली. निजामाच्या राजवटीत, परभणीत सरकारी नोकरी करत कथा, कादंबऱ्या आणि कविता लिहिणारा हा लेखक १९५३ मध्ये ऐन चाळिशीत गेला. त्याचे नाव मराठवाड्याबाहेरच्या किती वाचकांना ठाऊक आहे, हे येथेच कोणी विचारून पाहावे.

माझी सूचना अशी की नकाशा घेऊन वाचावे. एक प्रदेश निवडावा आणि तेथील दोनतीन लेखक लागोपाठ घ्यावेत. पहिल्या पुस्तकात बोली अडते, दुसऱ्यात तीच बोली ओळखीची झालेली असते. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची, वऱ्हाडातील, रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ ची, मराठवाड्यातील. दोन्ही कादंबऱ्यांच्या मध्यभागी शिंप्याच्या घरातील एक बाई आहे, पहिलीत कौतिक आणि दुसरीत पारबती. ‘पाचोळा’त तर पारबती स्वतःच सगळी हकिगत आपल्या बोलीत सांगते. या दोघी एकामागोमाग एक वाचल्यावर, घरधन्याचा धंदा आणि जिद्द खचत असताना संसार ओढणाऱ्या बाईविषयी दोन लेखकांनी किती वेगळ्या रीतीने लिहिले आहे, हे जे दिसते ते एकेकटी कादंबरी वाचून दिसत नाही. तेथून पुढे बुलढाण्याकडच्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’पर्यंत यावे, म्हणजे शेतकरी घरातील शिकलेल्या मुलाची कोंडी समोर येते.

बोलीची धास्ती वाटत असेल, तर संवाद मोठ्याने वाचावेत. छापील अक्षरांत परका वाटणारा शब्द कानावर पडला की बहुधा कळतो, आणि जो कळत नाही तो तसाच ठेवून पुढे जावे. आपण सोलापूरचे आहात. आपल्या बाजारात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच वेळी ऐकू येतात. अशा कानाला वऱ्हाडी फार काळ जड जाणार नाही.

पुरस्कारांच्या याद्यांविषयी आपण जरा निराशेने लिहिले आहे. त्या क्रमाने वाचू नयेत, हे मान्य. पण त्यांतून दिशा कळते. साहित्य अकादमीचे २०२१, २०२२ आणि २०२३ चे मराठी पुरस्कार अनुक्रमे किरण गुरव, प्रवीण बांदेकर आणि कृष्णात खोत यांना मिळाले. तिघेही कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या परिसरातले. लागोपाठ तीन वर्षे एकाच पट्ट्यातून पुस्तके येत असतील, तर तेथे काहीतरी सकस चालू आहे एवढे समजून घ्यावे आणि मग त्या परिसरातील इतर नावे शोधावीत. सर्वांत आधी माझ्या मते राजन गवस घ्यावेत.

मधल्या माणसांविषयीच बोलायचे, तर औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’चे जुने अंक मिळवावेत. पुण्यामुंबईच्या मासिकांत ज्यांना जागा नव्हती, अशा कितीतरी लेखकांचे सुरुवातीचे लेखन तेथे आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची अनेक पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, हेही येथे नोंदवून ठेवतो.

संथवाचक

वरील दोन्ही प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचले. मला थोडे निराळे सांगायचे आहे, आणि ते काहींना रुचणार नाही.

वाचन विस्तारण्याचा जो उत्साह हल्ली दिसतो, त्यात एक हिशेबी वृत्ती शिरली आहे. एक दलित आत्मकथन, एक आदिवासी कवी, एक मुस्लिम कथाकार, एक ग्रामीण कादंबरी असे रकाने भरले की आपले वाचन व्यापक झाले, असे समजले जाते. या पद्धतीत लेखक हा लेखक राहत नाही, तो आपल्या समाजाचा नमुना होतो. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा आहे आणि नेमाड्यांची ‘कोसला’ही त्याच वर्षीची. ‘कोसला’च्या भाषेची आणि रचनेची चर्चा आपण साठ वर्षे करत आहोत, बागुलांच्या कथेविषयी बोलताना मात्र तिच्यातील दाहक वास्तव सांगून थांबतो. तिची घडण, तिच्यातील नाट्य, तिच्या वाक्यांना चढत जाणारा आवेग यांविषयी कोणी काही विचारत नाही. हमीद दलवाई यांचेही असेच झाले. समाजसुधारक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण ‘इंधन’ ही त्यांची कोकणातील गावावरची कादंबरी काढून वाचणारा माणूस विरळा. अनोळखी लेखकाला आपण त्याच्याकडून माहिती मिळवण्यासाठी वाचणार असू, तर पन्नास पानांत कंटाळा येणे स्वाभाविक आहे. माहिती तेवढ्यात मिळून गेलेली असते.

म्हणून प्रदेशाचा नकाशा घेण्यापूर्वी भुईकोट यांनी आपल्या गावाचा नकाशा घ्यावा. सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे, तो त्यांना ठाऊक असणारच. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि पुढे त्यांतील लोकांना तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवले. सोलापूरची वसाहत त्यांपैकी एक. मालतीबाई बेडेकर यांनी या वसाहतींतील लोकांमध्ये काम केले. त्यांनी १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले होते आणि त्या पुस्तकाने मध्यमवर्गीय घरांत मोठी खळबळ माजवली होती. त्याच टोपणनावाने त्यांनी १९५० मध्ये ‘बळी’ ही कादंबरी लिहिली, तीत कुंपणाआडचे जीवन आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’चा उल्लेख वाङ्मयेतिहासात हमखास येतो, ‘बळी’ मात्र मागे पडली. माझ्या मते ती अधिक धाडसी आहे.

‘बळी’ वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात आपोआप एक प्रश्न उभा राहतो. ही कुंपणाबाहेरून आत गेलेल्या सहृदय बाईची नजर झाली. आतल्या माणसाने लिहिले, तर ते कसे असेल? १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्यानंतर वाढलेल्या पिढीने याचे उत्तर दिले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. पहिले कैकाडी समाजातून आलेले, दुसरे उचल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या जमातीतून. हे तीन लेखक मी एका रांगेत ठेवते ते रकाना भरण्यासाठी नव्हे. पहिल्या पुस्तकाने विचारलेल्या प्रश्नासाठी दुसरे उघडावे लागते आणि दुसऱ्यात जे वाचतो त्यामुळे पहिल्याकडे परत यावेसे वाटते, म्हणून ठेवते. वर्षात एवढीच तीन पुस्तके झाली तरी चालतील.

मांडवीतीर

चर्चा महाराष्ट्राच्या सीमेवर येऊन थांबू नये, म्हणून थोडे लिहितो. गोव्यात एकाच लेखकाने मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांत लिहिणे नवे नाही, बा. भ. बोरकर सर्वांना माहीत आहेत. हयात लेखकांपैकी महाबळेश्वर सैल यांच्याकडे मी लक्ष वेधीन. भुईकोट यांना ऐतिहासिक कादंबरी प्रिय आहे, तर पोर्तुगीज राजवटीच्या सुरुवातीच्या काळातील धर्मांतरांवरची ‘तांडव’ ही सैल यांची मराठी कादंबरी त्यांनी घ्यावी. तिच्यात राजा नाही, सेनापती नाही. गावे आहेत आणि आपले देव घेऊन रातोरात नदी ओलांडणारी माणसे आहेत. याच लेखकाला कुंभार समाजावरच्या ‘हावठण’ या कोंकणी कादंबरीसाठी २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. कोंकणी देवनागरीत असल्यामुळे मराठी वाचकाने थोडे नेट लावले, तर मूळ पुस्तकाची काही पाने तरी वाचता येतात, आणि तो प्रयोग करण्यासारखा आहे.

अनुवादकांविषयी तारीखचिठ्ठी यांनी लिहिले, त्याला दक्षिणेकडून एक जोड देतो. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठीत घरोघरी पोहोचले, इतके की अनेकांना ते मराठीच वाटतात. पण कुलकर्णी यांनी शिवराम कारंतही आणले आहेत, आणि भैरप्पांच्या शेजारी कारंत ठेवल्यावर कन्नड कादंबरी म्हणजे एकच सूर नव्हे, हे लगेच कळते. नॅशनल बुक ट्रस्टच्या आदान-प्रदान मालेत तमिळ, ओडिया, असमिया अशा भाषांतील पुस्तकांचे मराठी अनुवाद निघाले आहेत. त्यांचे छपाईचे रूप साधे आणि किंमत कमी. दुकानदार ती पुढे ठेवत नाहीत, मागून घ्यावी लागतात. सगळे अनुवाद सारख्या दर्जाचे नाहीत, हेही सांगून ठेवतो. काहींची मराठी इतकी ताठर आहे की मूळ लेखकावर अन्याय होतो, म्हणून अशा मालेतील एक पुस्तक न आवडल्यास त्या भाषेवर फुली मारू नये.

भुईकोट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संथवाचक यांनी लिहिलेल्या भागातून माझे नेहमी येणे-जाणे असते आणि त्या वसाहतीवर कादंबरी आहे, हे मला या गावात इतकी वर्षे काढूनही कोणी सांगितले नव्हते. ‘बळी’पासून सुरुवात करायची, हे ठरले. ‘अंताजीची बखर’ त्यानंतर. पूर्णाकाठ यांनी सुचवलेल्या जोडीतील ‘पाचोळा’ माझ्या पत्नीने महाविद्यालयात अभ्यासाला वाचली होती आणि तिच्याजवळ ती अजून आहे, असे काल कळले.

एक शंका उरते. ‘बळी’ मला दोन दुकानांत मिळाली नाही. अशी मागे पडलेली पुस्तके प्रत्यक्षात मिळवावीत कशी?

तारीखचिठ्ठी

दुकानांत शोधण्याआधी आपल्या शहरातील जुन्या वाचनालयाची दाखलनोंद वही पाहू द्यावी, अशी ग्रंथपालांना विनंती करावी. पन्नाससाठच्या दशकांत घेतलेली पुस्तके संगणकावरील यादीत पुष्कळदा चढवलेली नसतात, वहीत मात्र सापडतात. फळीवर नसेल, तर बांधणीला काढून ठेवलेल्या गठ्ठ्यात असण्याचा संभव मोठा, तेथेही पाहण्याचा आग्रह धरावा. तरीही न मिळाल्यास महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत विचारावे. मराठी विभाग जुना असेल, तेथे विभावरी शिरूरकर यांची पुस्तके बहुधा असतातच. बाहेरच्या वाचकाला ती घरी देत नाहीत, पण ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज केल्यास सहसा मिळते. अर्जात पुस्तकाचे नाव, लेखिकेचे टोपणनाव आणि मूळ नाव अशी तिन्ही लिहावीत, कारण काही ठिकाणी तालिकापत्र, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीचे कार्ड, बेडेकर या नावाखाली असते आणि काही ठिकाणी शिरूरकर.